तीन वर्षांचं बी.कॉम., चौथं वर्ष आणि क्लेप परीक्षा: पैसे कुठे वाचले, कुठे बुडाले

आधी स्टार देऊन टाकते म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटतील. क्लेप परीक्षेला (वर्गात न बसता पेपर देऊन अमेरिकन कॉलेजचं क्रेडिट मिळवायची सोय) पाचपैकी साडेचार, तिचा अभ्यास करून घेणाऱ्या मॉडर्न स्टेट्सला पाच कारण फुकट ते पौष्टिक, आणि कामाच्या अनुभवावर क्रेडिट मागायच्या कॉलेजच्या पोर्टफोलिओ प्रकाराला दोन, तेही माझ्या डोंबिवलीच्या सरांकडे बघून. बाकीच्यांनी चहा घेऊन बसा, लांबलचक आहे.

मी न्यू जर्सीत राहते, एच-फोरवर म्हणजे नवऱ्याच्या मागोमाग मिळणाऱ्या व्हिसावर आले, पुढे वर्क परमिट आलं आणि एका दुकानाच्या ऑफिसात हिशेब बघायला लागले. काम तेच जे मी डोंबिवलीत सहा वर्षं केलं होतं, फक्त टॅलीच्या जागी क्विकबुक्स. पण जरा बऱ्या जॉबसाठी अर्ज करायला गेलं की पहिलाच रकाना, बॅचलर्स डिग्री आहे का? मी आपलं ठामपणे हो लिहायचे. मग एके ठिकाणी एचआरच्या बाईने इव्हॅल्युएशन रिपोर्ट, म्हणजे आपली डिग्री इथल्या कशाच्या बरोबरीची ते सांगणारा एजन्सीचा कागद, मागितला आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

इथे बॅचलर म्हणजे चार वर्षं, १२० क्रेडिट (क्रेडिट म्हणजे एकेका कोर्सचं वजन, ती जमवत डिग्री पुरी करायची). आपलं बी.कॉम. तीन वर्षांचं, म्हणजे साधारण ९० धरतात. काही एजन्सी आपल्या तीन वर्षांच्या डिग्रीला पूर्ण बॅचलर धरतात पण त्यात अट अशी की विद्यापीठाला नॅकची (आपल्याकडे कॉलेज-विद्यापीठांना ग्रेड देणारी संस्था) ए किंवा त्यावरची ग्रेड पाहिजे आणि तुमचा क्लासही बघतात, काहींना सेकंड क्लास चालतो, माझ्या एजन्सीला फर्स्ट क्लासच हवा होता. मला २००८ साली ५८ टक्के होते. दोन टक्क्यांनी फर्स्ट क्लास हुकला तेव्हा आई म्हणाली होती, जाऊ दे गं, दोन टक्क्यांनी काय कुणाचं अडतंय. अडलं ना आई, चौदा वर्षांनी अडलं.

इव्हॅल्युएशनबद्दल थोडक्यात सांगते कारण तो वेगळाच विषय आहे. कॉलेजं साधारणपणे नेसेसची (अशा एजन्सींची संघटना) मेंबर असलेल्या एजन्सीचाच रिपोर्ट मागतात, आणि रिपोर्ट दोन प्रकारचा असतो, एकात फक्त डिग्रीची बरोबरी सांगतात आणि दुसऱ्यात प्रत्येक विषयाचं क्रेडिट आणि ग्रेड लिहून येते. क्रेडिट ट्रान्सफर करायचं तर दुसराच लागतो. मी स्वस्त बघून पहिला घेतला, म्हणजे परत पैसे, परत थांबणं. ट्रान्सक्रिप्टसाठी दादाने विद्यापीठात तीन चकरा मारल्या, एकदा लंच टाइम, एकदा साहेब रजेवर आणि एकदा तर पाकिटाच्या फ्लॅपवर शिक्का नाही म्हणून ज्याने पाकीट दिलं त्यानेच परत घेतलं. विद्यापीठाचं नाव घेत नाही, ज्यांनी भोगलंय ते ओळखतीलच.

रिपोर्ट आला, "तीन वर्षांचं अंडरग्रॅज्युएट शिक्षण". मग मी जिथे अ‍ॅडमिशन घेतली त्या कॉलेजने त्यातले ७२ क्रेडिट उचलले. हे लक्षात घ्या, एजन्सीचा रिपोर्ट म्हणजे सल्ला असतो, शेवटचा शब्द कॉलेजच्या रजिस्ट्रारचा. आणि काय उचललं काय टाकलं बघून मी हसावं की रडावं अशी अवस्था. अकाउंट्स घेतलं, इकॉनॉमिक्स घेतलं, मॅथ्स-स्टॅट्स घेतलं. बिझनेस लॉ टाकलं कारण भारतीय कायदा. बिझनेस कम्युनिकेशन टाकलं कारण इंग्लिश लिखाणाचा कोर्स इथलाच हवा. आणि फाउंडेशन कोर्स, जो आम्ही सगळ्यांनी परीक्षेच्या आदल्या रात्री लोकलमध्ये उभं राहून वाचला होता, तो सोशल सायन्स म्हणून अख्खा धरला! अकाउंट्सला मी जीव काढला आणि एफसीला गाईड, पण इथे दोघांचा भाव एकच.

७२ झाले, राहिले ४८. त्यातले ३० कॉलेजातच करायची अट, याला रेसिडेन्सी म्हणतात, व्हिसाशी संबंध नाही, म्हणजे डिग्री आमच्या नावाची हवी तर इतकं तरी आमच्याकडे शिका. आकडा कॉलेजगणिक बदलतो. म्हणजे बाहेरून आणता येणारे १८. एका क्रेडिटला फी साधारण ४०० डॉलर, १८ चे ७,२०० होतात, आणि क्लेपच्या एका परीक्षेची फी शंभर डॉलरच्या आत, त्यात बहुतेक करून तीन क्रेडिट. गणित करायला बी.कॉम. पण लागत नाही.

आता क्लेप म्हणजे काय. कॉलेज लेव्हल एक्झामिनेशन प्रोग्रॅम. एसएटी घेणारं कॉलेज बोर्डच ही घेतं, १९६७ पासून चालू आहे. साधारण तीसेक विषय आहेत, कॉम्प्युटरवर दीड-दोन तासांचा ऑब्जेक्टिव्ह पेपर, स्कोअर २० ते ८० मध्ये येतो आणि बहुतेक ठिकाणी ५० ला पास. तुम्ही कुठे शिकलात, कसं शिकलात, वय काय, कुणी विचारत नाही. विषय येतो ना, मग बसा आणि दाखवा. आपल्याकडे एक्सटर्नलने फॉर्म भरायचे तसंच, फक्त इथे एकेका विषयाचा भरता येतो.

अभ्यासाला मॉडर्न स्टेट्स. ही संस्था क्लेपच्या विषयांचे कोर्स ऑनलाइन फुकट देते, आणि कोर्स नि क्विझ पूर्ण केल्या की परीक्षेच्या फीचं व्हाउचरसुद्धा देते. मला वाटलं कुठेतरी मेख असणार, क्रेडिट कार्ड मागतील, नंतर फोन करून पिडतील, पण नाही, काहीच नाही. व्हिडिओ मात्र काही विषयांचे फार रटाळ आहेत, मी दीडपट स्पीडवर भाकऱ्या करताना ऐकले. सेंटर आपली वेगळी फी लावतं ती धरून ठेवा, माझ्याकडून दरवेळी ३० डॉलर घेतले. घरून पण देता येते, कॅमेऱ्यासमोर, पण खोलीत दुसरं कुणी चालत नाही आणि आमचं धाकटं चार वर्षांचं, दार वाजवून "आई शू" म्हणालं की संपलं. म्हणून मी सेंटरलाच गेले.

आणि आता माझा पहिला गाढवपणा.

मी उत्साहात सगळ्यात आधी फायनान्शियल अकाउंटिंग दिली. आपला विषय ना! पण सरळ नाहीये हं ते, बी.कॉम.वाल्यांनी मुद्दाम वाचा. आपण शिकलो सन्ड्री डेटर्स, इथे अकाउंट्स रिसीव्हेबल. आपलं रिझर्व्ह फॉर डाउटफुल डेट्स, इथे अलाउन्स. स्टॉक म्हटलं की माझ्या डोळ्यासमोर गोडाऊन येतं आणि यांच्या डोळ्यासमोर शेअर, गोडाऊनातल्याला इन्व्हेंटरी म्हणायचं. आपला ताळेबंद डाव्या बाजूला भांडवल-देणी आणि उजवीकडे मालमत्ता असा होता, इथे मालमत्ता आधी आणि त्यातही रोख सगळ्यात वर. लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायचं, ते इथे चालतं, त्याचे प्रश्न येतात. ७५ च्या आसपास प्रश्न आणि ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिट, स्क्रीनवर एक साधा कॅल्क्युलेटर देतात. पहिले दहा प्रश्न मी मनात भाषांतर करत बसले, मग सोडून दिलं आणि अकरावीच्या पुस्तपालनातलं "घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा" एवढंच धरून बसले. नावे-जमा डोक्यात पक्कं असेल तर नावं काहीही ठेवू देत. शेवटचं बटण दाबलं की स्कोअर तिथेच स्क्रीनवर येतो. ६७. पार्किंगमध्ये येऊन आधी नवऱ्याला फोन, मग आईला, तिथे रात्रीचे साडेअकरा वाजले होते तरी.

दोन आठवड्यांनी कॉलेजचं पत्र, फायनान्शियल अकाउंटिंगचं क्रेडिट तुमच्या बी.कॉम.मधून आधीच दिलेलं आहे, एकाच विषयाला दोनदा देता येत नाही, सबब शून्य. माझे सगळ्यात जास्त मार्क आणि पदरात काही नाही. बरं यात क्लेपचा काय दोष, नियम बरोबरच आहे, पण अ‍ॅडव्हायजरला मी आधी विचारायला हवं होतं ना की कुठल्या परीक्षा माझ्या डिग्रीत बसतात. विचारलं नाही कारण मला वाटलं अकाउंट्स म्हणजे काय, कुठेही बसेल. तर रजिस्ट्रेशन करायच्या आधी कॉलेजला ईमेल टाका, फोनवर नाही, ईमेल, आणि उत्तर जपून ठेवा. प्रत्येक कॉलेजची क्लेपची यादी वेगळी, कुणी ५० ला देतं कुणी जास्त मागतं. सीपीए, म्हणजे इथलं सीए, करायचं असेल तर राज्याचं बोर्ड आणखी वेगळं बघतं, किती क्रेडिट लागतात आणि त्यात क्लेपचं किती धरतील ते त्यांनाच विचारा, कॉलेजवर विसंबू नका.

मग शहाणी होऊन यादी घेऊनच बसले. बिझनेस लॉ, इन्फर्मेशन सिस्टिम्स, अमेरिकन गव्हर्नमेंट आणि कॉलेज कॉम्पोझिशन.

बिझनेस लॉमध्ये मजा आली. कॉन्ट्रॅक्टचा भाग बघून मला एस.वाय.चा वर्ग आठवला, ऑफर, अ‍ॅक्सेप्टन्स, कन्सिडरेशन, सगळं तेच, कारण आपला १८७२ चा करार कायदा आणि इथला कायदा दोघांचं माहेर इंग्लंड. पण फसवणारी जागा एक सांगते. आपल्याकडे अज्ञानाने म्हणजे अठराच्या आतल्या पोराने केलेला करार मुळातच रद्द, मोहरी बीबीची १९०३ ची केस, आम्ही घोकलेली. इथे तो रद्द नाही, त्या पोराच्या मर्जीवर आहे, त्याला वाटलं तर मोडेल नाहीतर ठेवेल. मी प्रॅक्टिस टेस्टमध्ये तीनदा "रद्द" ठोकून आले. दुसरं म्हणजे ५०० डॉलर आणि त्यावरच्या मालाचा करार लेखी हवा वगैरे, ते नवीनच पाठ करावं लागलं. मिळाले ५८.

इन्फर्मेशन सिस्टिम्स सोपी, ऑफिसात काम केलेल्याला जास्त काही करावं लागत नाही, ६१.

अमेरिकन गव्हर्नमेंटने पाणी पाजलं. इलेक्टोरल कॉलेज, फिलिबस्टर, कुठला निकाल कुठल्या घटनादुरुस्तीवर, मला आपली लोकसभा-राज्यसभा पण नीट येत नाही आणि हे! पहिल्यांदा ४६. नापास झालं तर तीच परीक्षा तीन महिने परत देता येत नाही आणि व्हाउचर तर गेलंच. त्या तीन महिन्यांत मोठ्या लेकाच्या सोशल स्टडीजच्या वहीतून शिकले, तो मला संध्याकाळी जेवताना प्रश्न विचारायचा आणि चुकलं की फार समजूतदारपणे मान हलवायचा. दुसऱ्यांदा ५४.

कॉलेज कॉम्पोझिशनला सहा क्रेडिट म्हणून ती सोडू नका, पण तिला वेळ द्या. आधी ५० ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, मग ७० मिनिटांत दोन निबंध, तेही टाइप करून. पहिल्यात एका विधानावर स्वतःचं मत, दुसऱ्यात दोन उतारे देतात आणि त्यांचा आधार घेऊन, कुठलं कुठून घेतलं ते सांगत लिहायचं. मराठी माध्यमाची माझ्यासारखी असाल तर हात आपोआप "आजच्या आधुनिक युगात" अशी सुरुवात करायला जातो, तो हात बांधून ठेवा. पहिल्या दोन ओळींत तुमचं म्हणणं काय ते आलं पाहिजे. याचा स्कोअर लगेच नाही येत, निबंध माणसं तपासतात, दोन-तीन आठवडे जातात. ५३ आले, मला चालतंय.

तर क्लेपमधून १५ झाले. साडेचारच का, अर्धा कुठे गेला? तो भाषेचा. परक्या भाषांमध्ये स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन एवढंच आहे. माझी वर्गातली मेक्सिकन मैत्रीण अभ्यास न करता घरच्या भाषेत बसली आणि क्रेडिट घेऊन आली. मला मराठी, हिंदी, थोडं गुजराती येतं, पण क्लेपच्या लेखी मला इंग्लिश सोडून भाषाच येत नाही. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीची एक भाषेची परीक्षा आहे त्यात हिंदी मिळते, पण माझं कॉलेज ती घेत नव्हतं. तुमचं घेत असेल तर नक्की बघा. आणखी एक, रजिस्ट्रेशनच्या वेळीच कॉलेजचं नाव टाका, तेव्हा स्कोअर फुकट पाठवतात, नंतर पाठवायचा तर वेगळे पैसे. स्कोअर वीस वर्षं सांभाळून ठेवतात, त्यामुळे माझे ते ६७ कुठेतरी आहेत अजून, पडून.

उरले तीन क्रेडिट, आणि तिथे पोर्टफोलिओ नावाचं प्रकरण आलं. कामाच्या अनुभवाला क्रेडिट असं ऐकून मी खूश, सहा वर्षं सीएच्या ऑफिसात घासलीत, सहज सहा क्रेडिट मिळतील, म्हणून दोन कोर्ससाठी अर्ज केला, कॉम्प्युटराइज्ड अकाउंटिंग आणि टॅक्सेशन. अर्जाची फी वेगळी, तपासायची प्रत्येक क्रेडिटमागे वेगळी, आणि नाही मिळालं तरी परत नाही.

हा प्रकार नीट समजून घ्या कारण मला चार महिन्यांनी समजला. सहा वर्षं काम केलं याला क्रेडिट नाहीच. त्या कामातून काय शिकलात, आणि ते कॉलेजच्या अमुक कोर्सच्या अमुक मुद्द्याशी कसं जुळतं, याला आहे. कोर्सचा सिलॅबस समोर ठेवायचा, त्यातल्या एकेका उद्दिष्टाखाली आपण ते कुठे, कसं, का केलं ते लिहायचं, पानंच्या पानं, आणि प्रत्येकाला पुरावा जोडायचा. आपल्याला "मी केलं" असं लिहायची सवयच नाही, माझ्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सगळं "करण्यात येत असे" छापाचं इंग्लिश, तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, कोण करत असे?

पुरावा म्हणून सरांचं पत्र मागवलं. सर आता सत्तरीचे, ऑफिस मुलाने घेतलंय, पण लेटरहेडवर स्वतः टाइप करून पाठवलं. ज्या कुणाचा संबंध येईल त्यांच्यासाठी, ही मुलगी कष्टाळू, प्रामाणिक, चांगल्या घरातली आणि उत्तम चारित्र्याची आहे, आम्ही तिला उज्ज्वल भविष्यासाठी शुभेच्छा देतो. माझ्या डोळ्यात पाणी आलं. कॉलेजने परत पाठवलं, यात पुरावा काही नाही. आता सरांना हे सांगायचं कसं? दोन दिवस मी फोनच केला नाही. शेवटी म्हटलं, सर, त्यांना माझं चारित्र्य नकोय, मी टॅलीत काय करायचे ते हवंय. सर हसले आणि म्हणाले, "अगं मग आधी सांगायचंस, ते तर मला तुझ्यापेक्षा जास्त माहितीये." आणि काय पत्र लिहिलं सांगू! किती क्लायंटची पुस्तकं माझ्याकडे होती, लेजर कशी उघडायचे, बँक रिकन्सिलिएशन दर महिन्याच्या कितव्या तारखेला, एका किराणा व्यापाऱ्याच्या हिशेबात दोन वर्षांचा फरक मी कुठून शोधून काढला, तोसुद्धा, जो मी स्वतः विसरले होते. त्या एका पत्रावर कॉम्प्युटराइज्ड अकाउंटिंगचे तीन क्रेडिट मिळाले.

टॅक्सेशन नाकारलं. व्हॅट, टीडीएस, फॉर्म १६, सगळं मी तीस पानांत मांडलं होतं, पण त्यांचा कोर्स अमेरिकन फेडरल टॅक्सचा, माझं ज्ञान कितीही खरं असलं तरी त्या उद्दिष्टांशी जुळत नाही. हे त्यांना फी घेण्याआधी सांगता आलं असतं की नाही? कोर्सचं नाव आणि माझा बायोडाटा समोर ठेवून पाच मिनिटांत सांगता आलं असतं. तीन स्टार कापलेत त्यातले दोन त्याचेच. नाकारल्याचं मला एवढं वाटलं नाही, तीन महिने रात्री जागवून मग नाकारलं त्याचं वाटलं. तुम्ही करणार असाल तर असाच कोर्स निवडा जो देशाच्या कायद्यावर अवलंबून नाही, हिशेब, सॉफ्टवेअर, ऑफिस मॅनेजमेंट, ट्रेनिंग देणं असं काही.

भाचीला हे सगळं सांगत होते तर ती म्हणे मावशी, आमच्याकडे आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, तिचा बारा आकडी नंबर पण आहे, डिजिलॉकरमध्ये सगळं जमा होतं, आणि चौथं वर्ष करून ऑनर्सही घेता येतं. बरं आहे बाई, पाकिटाच्या फ्लॅपवरचा शिक्का तरी वाचेल. पण एक तिलाही सांगितलं आणि इथे येणाऱ्या पोरांनाही सांगते, तुमच्या मार्कशीटवर तीन वर्षांचे १२० क्रेडिट लिहिलेले असतील म्हणून इथली १२० झाली असं समजू नका. तिकडे वर्षाला ४०, इकडे ३०, क्रेडिट हा शब्दच तेवढा सारखा आहे. आणि त्या बँकेत क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतं, माझं २००८ चं असतं तर केव्हाच वारलं असतं.

एकूण हिशेब, बी.कॉम.चे ७२, क्लेपचे १५, पोर्टफोलिओचे ३, झाले ९०. उरलेले ३० कॉलेजात, त्यातले ६ संपलेत, या सेमिस्टरला ऑडिटिंग आणि फेडरल टॅक्स घेतलंय, हो तेच टॅक्स, पूर्ण फी भरून. पहिल्याच तासाला प्रोफेसरांनी वर्गाला विचारलं की आधी कुणी रिटर्न भरलेत का, मी हात वर केला, किती म्हणाले, मी म्हटलं मोजले नाहीत.

सरांचं दुसरं पत्र नमुना म्हणून कुणाला हवं असेल तर विचारा, क्लायंटची नावं काढून पाठवते.